वकिलीतून कॅनडाच्या संसदेकडे : एका आईच्या पत्राला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

ऑन्टारियो प्रांतातील मिसिसागाहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी बारावीत आहे. तिला कायदा शिकून, गावच्या राजकारणातून पुढे ओटावाच्या संसदेत जायचे आहे; तिच्या वडिलांना हे खूळ वाटते. आपण विचारता की, थेट राज्यशास्त्र घेऊन ती एखाद्या पक्षात शिरली, तर वकिलीत जाणारी सात-आठ वर्षे वाचणार नाहीत का? माझे मत असे की, ती वर्षे वाचवू नयेत.

खासदारकी मतदार देतात आणि मतदारच काढून घेतात. जगमीत सिंग यांचे उदाहरण घ्या. ऑस्गुड हॉल येथे कायदा शिकून २००६ मध्ये त्यांनी सनद घेतली आणि फौजदारी वकिली केली. २०११ ची संघीय निवडणूक ते ५३९ मतांनी हरले आणि त्याच वर्षी ऑन्टारियोच्या विधिमंडळात निवडून आले. पुढे ते राष्ट्रीय पक्षाचे नेते झाले, २०१९ मध्ये खासदार झाले आणि २०२५ मध्ये स्वतःची जागाही गमावून बसले. ज्या क्षेत्रात पक्षनेत्यालाही घरी बसावे लागते, तिथे स्वतःचा पेशा हाताशी नसणे धोक्याचे आहे, कारण पोटासाठी पद टिकवावे लागले की माणसाला पक्षापुढे नाही म्हणता येत नाही.

हे नाही म्हणणे किती मोलाचे असते, हे जोडी विल्सन-रेबोल्ड यांच्या वाटचालीत दिसते. त्यांचे वडील बिल विल्सन हे आदिवासी समाजाचे नेते. १९८३ च्या घटनाविषयक परिषदेत, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, त्यांनी पंतप्रधान पिएर ट्रुडो यांना सांगितले होते की, माझ्या दोन्ही मुलींना वकील व्हायचे आहे आणि दोघींनाही पंतप्रधान व्हायचे आहे. (हा प्रसंग आपल्या यजमानांना अवश्य सांगावा.) धाकटी जोडी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून कायदा शिकली, व्हँकुव्हरमध्ये सरकारी वकील झाली, नंतर आदिवासी समाजांशी होणाऱ्या करारांच्या आयोगावर गेली, स्वतःच्या वी वाई काई समाजाच्या परिषदेवर निवडून आली आणि प्रांतातील आदिवासी प्रमुखांचे प्रतिनिधित्व करू लागली. २०१५ मध्ये खासदार होताच पिएर यांचे पुत्र जस्टिन ट्रुडो यांच्या मंत्रिमंडळात त्या कायदामंत्री झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या आदिवासी व्यक्ती होत. एका बड्या अभियांत्रिकी कंपनीवरील खटल्यात हस्तक्षेप करावा, असा दबाव त्यांच्यावर आला, तेव्हा त्या बधल्या नाहीत. २०१९ च्या आरंभी खाते बदलले, त्यांनी राजीनामा दिला, पक्षाने बाहेर काढले आणि त्याच वर्षी व्हँकुव्हर ग्रॅनव्हिलच्या मतदारांनी त्यांना अपक्ष म्हणून पुन्हा निवडून दिले. सरकारी वकिलाचे स्वातंत्र्य म्हणजे काय, हे ज्याने न्यायालयात उभे राहून अनुभवले आहे, त्याला अशा वेळी पाय रोवायला जागा मिळते, अशी माझी खात्री आहे.

आता शिक्षणाचे. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो, तसा ऑन्टारियोत नाही. आधी कोणत्याही विषयाची पदवी, मग एलसॅट ही प्रवेशपरीक्षा, तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी, त्यानंतर वकिलाच्या हाताखाली उमेदवारी आणि लॉ सोसायटीच्या परीक्षा, असा क्रम आहे. पहिली पदवी राज्यशास्त्राचीच हवी असे नाही. सिंग यांची जीवशास्त्राची होती. तिला ज्या विषयात उत्तम गुण मिळतील तो घ्यावा, कारण जेडीच्या प्रवेशात गुणांना मोठे वजन असते.

फ्रेंच नववीनंतर सोडली, असे आपण सहज लिहिले आहे. मला मात्र पत्रातील तीच गोष्ट सर्वाधिक खटकली. संसदेचे कामकाज दोन्ही भाषांत चालते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना लोकसभागृहात 'पेज', म्हणजे सभागृहातील मदतनीस, म्हणून काम मिळते, तेही दोन्ही भाषा येणाऱ्यांनाच. ती संधी आता तिच्या हातून गेल्यात जमा आहे. पुढच्या जाऊ नयेत म्हणून विद्यापीठात फ्रेंच पुन्हा सुरू करावी.

आपण सर्व अद्याप पीआरवर, म्हणजे कायम रहिवासाच्या परवान्यावर, आहात. निवडणूक लढवण्यासाठी कॅनडाचे नागरिकत्व लागते आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे कार्ड) घेण्याचा निर्णय तिला कधीतरी करावा लागेल. घरात या विषयावर आताच मोकळेपणाने बोलावे.

पक्षाचे तिकीट बहुधा मतदारसंघातील सभासदांच्या मतांवर ठरते, म्हणजे तिला ओळखणारी माणसे आधी गल्लीत हवीत. म्हणून सुरुवात पालिकेपासून किंवा शालेय मंडळापासून करावी. ऑन्टारियोत पालिकेच्या निवडणुका पक्षचिन्हाविना होतात आणि नगरसेवकपदाच्या अर्जाचे शुल्क शंभर डॉलर असते. त्याआधी, या उन्हाळ्यात, तिने आपल्या खासदाराच्या स्थानिक कार्यालयात स्वयंसेवक म्हणून काम मागावे. कुणाचा व्हिसा अडकलेला, कुणा आजींचे वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन थांबलेले, कुणाचा पासपोर्ट प्रवासाच्या आदल्या आठवड्यापर्यंत आलेला नाही, अशा कागदपत्रांनी तिथली टेबले भरलेली असतात. दोन महिने ते काम करूनही तिची ओढ कायम राहिली, तर एलसॅटची तयारी, जेडीचा खर्च आणि कर्ज यांविषयी मला पुन्हा लिहावे; त्या वेळी तिचे अकरावी-बारावीचे गुणपत्रकही सोबत पाठवावे.