पाण्यावरून भांडण, मिठाचे कारण

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय 61 असून त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या सात महिन्यांपासून सोमवारी आणि गुरुवारी त्यांचे डायलिसिस होते. त्यांचे ड्राय वेट, म्हणजे अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन, 48 किलो ठरवून दिले आहे, पण सोमवारी त्या 52 किलो भरतात. मशीनवर असताना पायात गोळे येतात, रक्तदाब खाली जातो आणि घरी आल्यावर त्या दिवसभर झोपून असतात. आम्ही पाणी मोजून देतो, तरी रात्री उठून त्या माठातले पाणी पितात आणि त्यावरून घरात रोज वाद होतो. किडनीला त्रास नको म्हणून डाळ, दूध व अंडी आम्ही पहिल्यापासून बंद केली आहेत. त्यांना एकादशी करायची असते. उपवासाने अपाय होईल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी माठाविषयी लिहितो, कारण तुमच्या घरातला वाद पाण्यावरून होत असला तरी त्याचे मूळ बहुधा मिठात आहे. साधारण 8 ग्रॅम मीठ पोटात गेले की शरीर त्याच्यासोबत सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवते, आणि ते मिळेपर्यंत तहान माणसाला स्वस्थ बसू देत नाही. जेवणात लोणचे, पापड, ठेचा आणि चहाबरोबर खारी असेल, तर रात्री माठाकडे जाणाऱ्या बाईला हट्टी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. दिवसभराचे सगळे मिळून मीठ 5 ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चहाच्या एका चमच्याच्या आत आणा. सैंधव मिठातही सोडियम असतेच, त्यामुळे त्याने काही साधत नाही. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ मात्र घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते आणि ते तुमच्या सासूबाईंच्या जिवावर बेतू शकते. रक्तातील साखर वाढलेली असली तरीही तहान लागते, म्हणून तीही तपासून घ्या.

पाण्याचा हिशेब असा करतात : आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढे, अधिक सुमारे 500 मिलिलिटर. यात चहा, ताक, आमटी आणि गोळ्यांबरोबरचे पाणीही धरायचे. सकाळी तेवढे पाणी एका बाटलीत भरून ती सासूबाईंच्याच हाती द्या. चहा किंवा आमटी घेतली की तेवढे पाणी त्यांनीच बाटलीतून काढून ठेवावे. आपला हिशेब आपल्याकडे आहे असे वाटले की चोरून पिण्याचे कारण उरत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तोंड फारच कोरडे पडले तर चूळ भरावी किंवा लिंबाची फोड चोखावी.

आता मशीनवरच्या त्रासाबद्दल. वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला 13 मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी काढू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्या हिशेबाने 48 किलोच्या व्यक्तीतून चार तासांत अडीच लिटर काढता येते, आणि तुम्ही तर चार लिटर घेऊन जाता. गोळे येणे आणि रक्तदाब उतरणे हे त्याचेच परिणाम आहेत. डायलिसिस आठवड्यातून तीनदा करता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. खर्चामुळे दोनदा होत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना शिधापत्रिका दाखवून चौकशी करावी.

डाळ, दूध आणि अंडी बंद करण्याचा सल्ला डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच्या काळातला असावा. तेव्हा प्रथिने कमी करतात हे खरे, पण एकदा डायलिसिस सुरू झाले की उलट वाढवावी लागतात, कारण त्या प्रक्रियेत काही प्रथिने वाहून जातात. दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे सासूबाईंना सुमारे 48 ते 58 ग्रॅम प्रथिने हवीत. अंड्याचा पांढरा भाग सर्वांत सोयीचा, कारण निकामी किडनीला बाहेर टाकता न येणारा फॉस्फरस त्यात फार कमी असतो. डाळीची पातळशी वाटी, थोडे पनीर, चालत असल्यास मासा, हे सगळे आहारतज्ज्ञांकडून प्रमाण ठरवून सुरू करा. फॉस्फरस बांधणारी गोळी दिली असेल तर ती जेवतानाच घ्यायची असते. जेवणानंतर तासाभराने घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते.

राहिली एकादशी. आपल्याकडचे उपवासाचे ताट पाहिले तर बटाटा, रताळे, शेंगदाणे, खजूर, केळे आणि वर शहाळे, असे पोटॅशियमने भरलेले जिन्नस एकत्र येतात. किडनीच्या रुग्णाला टाळायला सांगितलेली यादीच जणू ताटात वाढलेली असते. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि पुष्कळदा आधी काहीच जाणवत नाही. सासूबाईंची गुरुवार ते सोमवार ही चार दिवसांची खंड सर्वांत धोक्याची. शनिवारी-रविवारी येणारी एकादशी तर मुळीच करू नये. इतर दिवशी करायचीच असेल तर थोडी वरी, दाण्याच्या आमटीऐवजी जिऱ्याची फोडणी आणि अर्धे सफरचंद, एवढ्यावर भागवता येते. इन्सुलिन चालू असेल तर त्या दिवसाची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको. किडनी निकामी झाल्यावर इन्सुलिनचा परिणाम जास्त वेळ टिकतो आणि साखर एकदम उतरते. पोटॅशियम कमी व्हावे म्हणून रोजच्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावे. भाजीची चव जाते, हे मान्य आहे. लसूण आणि लिंबू यांनी ती थोडी परत आणता येते. कोकणातून कोणी करंबळे (स्टारफ्रूट) पाठवली तर मात्र एक फोडसुद्धा देऊ नका. त्या फळातील विष किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर परिणाम करते.

प्रश्न : पंधरा दिवसांपूर्वी माझ्या यजमानांच्या डाव्या हाताला डायलिसिसच्या सुईसाठी फिस्टुला (धमनी आणि शिरेची जोडणी) केला. तेथे बोट ठेवले की सतत थरथर जाणवते. हे बिघडल्याचे लक्षण आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, ती थरथर हवीच. धमनी आणि शीर जोडल्यामुळे रक्त जोराने वाहते, आणि चालू गिरणीच्या भिंतीला हात लावावा तसे बोटांना लागते. ती शीर सुईजोगी जाड व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. तोवर डॉक्टरांनी सांगितल्यावर रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम करावा. त्या हाताचा रक्तदाब मोजू देऊ नये, त्यातून रक्त काढू देऊ नये, त्यावर घड्याळ बांधू नये, डोक्याखाली घेऊन झोपू नये आणि पाण्याची बादली उजव्या हाताने उचलावी. यजमानांनी रोज सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री झोपताना स्वतः बोट ठेवून पाहावे. थरथर लागली नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. काही तासांत गेल्यास गुठळी काढून फिस्टुला वाचवता येतो.