हन्दला वळून का बघत नाही?

प्रश्न : नाजी अल-अली या पॅलेस्टिनी व्यंगचित्रकाराच्या चित्रांत एक अनवाणी पोरगा सतत पाठमोरा उभा दिसतो. तो कोण? आणि एकदाही वळून का बघत नाही?

उत्तर : तो हन्दला, वय वर्षं दहा. नाजी साधारण त्याच वयाचे असताना, 1948 मध्ये, त्यांच्या कुटुंबाला पॅलेस्टाइनच्या गॅलिली भागातलं अश-शजरा हे गाव सोडावं लागलं. पुढचं बालपण दक्षिण लेबनॉनमधल्या ऐन अल-हिल्वे या निर्वासितांच्या छावणीत गेलं. गावी परतलो की हन्दलाचं वय पुन्हा वाढू लागेल, असं नाजी म्हणत. ते परतले नाहीत, म्हणून पोरगाही दहाचाच राहिला. नाव आलं ‘हन्दल’वरून, म्हणजे आपलं कडू इंद्रावण. वरून छाटलं तरी मुळातून फुटतं.

1969 मध्ये कुवेतच्या ‘अल-सियासा’ या वर्तमानपत्रात तो पहिल्यांदा छापून आला, तेव्हा त्याचं तोंड वाचकांकडे होतं. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर नाजींनी त्याला पाठमोरा केला आणि त्याचे हात मागे बांधले. पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर बाहेरून लादल्या जाणाऱ्या तोडग्यांना त्याचा नकार होता.

मीही चित्रं काढते. एकदा त्याला उतरवून घेतलं : साळिंदरासारखे केस, ठिगळांचा सदरा, पाठीमागे एकात एक घेतलेले हात. मग त्याला चेहरा देऊन पाहिला आणि तो कागद फाडून टाकला. चेहरा आला की आपण त्याच्याकडे बघत बसतो. तो पाठमोरा असला की तो जिकडे बघतोय तिकडेच नजर जाते : पाय नसलेले थुलथुलीत पुढारी, काटेरी तारा, नाजींच्या चित्रांतल्या फातिमा या बाईचे डोळे.

तुम्ही 1982 चं ‘सुप्रभात, बैरूत’ हे चित्र जरूर शोधा. तोफांनी भगदाड पडलेली भिंत, आत एक उदास तरुणी, म्हणजेच बैरूत. आणि बाहेरून हन्दला तिला फूल देतोय. बांधलेले हात तिथे सुटलेत. शहर इस्रायली वेढ्यात असताना तिथल्या ‘अस-सफीर’ या वर्तमानपत्रात बसून हे काढायला काय काळीज लागलं असेल!

नाजींनी इस्रायलला सोडलं नाही, तसं अरब सत्ताधाऱ्यांना आणि स्वतःच्या पुढाऱ्यांनाही नाही. 22 जुलै 1987 ला लंडनमध्ये ‘अल-कबस’ या कुवेती वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर त्यांच्यावर गोळी झाडली गेली. 29 ऑगस्टला ते गेले. 2017 मध्ये पोलिसांनी तपास पुन्हा हाती घेतला, तरी मारेकऱ्याचा पत्ता लागला नाही. ऐन अल-हिल्वेत वडिलांशेजारी पुरावं अशी त्यांची इच्छा होती. कबर इंग्लंडमध्ये, ब्रुकवुडला आहे.