गेम घेतला ८९९ला, तिसऱ्या आठवड्यात झाला ३९९: फरक मागता येतो का?

प्रश्न: मॅडम, मी इचलकरंजीत एका कापड व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम करतो. एका मोबाइल गेमची वर्षभर वाट पाहत होतो. आला त्याच रात्री ८९९ रुपये भरून घेतला. स्टोअरच्या पानावर १,४९९ ही किंमत खोडून ८९९ दाखवली होती, खाली उलटं घड्याळ चालू होतं आणि 'लॉन्च ऑफर, सर्वात कमी किंमत, फक्त ७२ तास' असं लिहिलं होतं. ७२ तास संपल्यावरही भाव ८९९च राहिला आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात तोच गेम ३९९. मित्राने तेव्हा घेतला, आता ग्रुपवर सगळे मला 'पैसे भरून झालेला बीटा टेस्टर', म्हणजे कच्चा गेम तपासून देणारा, म्हणतात. कंपनीला मेल केला, तर 'किंमत बदलण्याचा हक्क आमचा आहे' एवढंच उत्तर आलं. आमच्यासारखे तीसेक जण टेलिग्रामवर एकत्र आलो आहोत. फरकाचे पैसे मिळतील का? बँकेला सांगून पेमेंट उलटवून घेऊ का? शिवाय मी रिव्ह्यूमध्ये 'फ्रॉड कंपनी' असं लिहिलंय, त्याचा मला त्रास होईल का?

उत्तर: तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली, भाव उतरला ही. दुसरी, भाव सांगताना तुमच्याशी खोटं बोललं गेलं ही. पहिलीच्या बळावर तुम्हाला एक रुपयाही मिळणार नाही. दुसरीत मात्र दम आहे. अर्ज लिहायला बसाल तेव्हा या दोन्ही वेगळ्या ठेवा, कारण कंपनीने तुम्हाला पाठवलेलं उत्तर फक्त पहिलीचं आहे, दुसरीबद्दल तिने चकार शब्द काढलेला नाही.

किंमत बदलण्याचा हक्क आमचा, हे कंपनीचं म्हणणं कायद्याला धरून आहे. आपला करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम २५च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की संमती राजीखुशीची असेल, तर केवळ मोबदला अपुरा आहे म्हणून करार रद्द ठरत नाही. उदाहरण दिलंय ते हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकण्याचं. तोच न्याय उलट्या बाजूनेही लागतो. तुम्ही ८९९ला राजी होतात, गेम मिळाला, व्यवहार तिथे पुरा झाला. दिवाळीआधी घेतलेली साडी नंतर सेलमध्ये निम्म्या भावात लागली, म्हणून दुकानदार फरक देत नाही, आणि द्यायला तो बांधीलही नाही. पुढे भाव उतरवायचा विचार कंपनीच्या मनात असला आणि ती त्यावर गप्प राहिली, तरी कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प राहणं ही फसवणूक होत नाही. बोलणं हे कर्तव्यच असेल अशा परिस्थितीत गोष्ट वेगळी.

तुमच्या ग्रुपवर कुणीतरी २०२०च्या ई-कॉमर्स नियमांचा दाखला नक्की देईल: किमतीत फेरफार करून अवाजवी नफा कमावू नये, एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करू नये. हे नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत, हे खरं. पण अवाजवी नफ्याची अट वाचताना बाजाराची स्थिती, वस्तू किती गरजेची आहे, काही असाधारण परिस्थिती आहे का, हे पाहायचं असतं. गेम त्यात बसवणं अवघड. आणि तुम्ही पहिल्या रात्री घेतला, मित्राने तिसऱ्या आठवड्यात. त्या-त्या दिवशी सगळ्यांना एकच भाव होता. याला भेदभाव म्हणणं माझ्या मते टिकणार नाही. हा मुद्दा अर्जात घालू नका. लंगडा मुद्दा पुढे केला की समोरचा वकील त्यालाच धरून बसतो.

तरीही तुम्हाला वाटतंय ते चुकीचं आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. पहिल्या रात्री पैसे भरणारा माणूस कंपनीवर सगळ्यात जास्त भरवसा टाकतो. त्यालाच सगळ्यात जास्त पैसे पडतात, आणि गेमची सगळ्यात कच्ची, अडखळणारी आवृत्तीही त्याच्याच वाट्याला येते. पुढचे दुरुस्त अपडेट आणि उतरलेला भाव दोन्ही उशिरा आलेल्याला मिळतात. हा सल विक्रेत्यांनीही कधीकधी ओळखला आहे. २००७ साली ॲपलने आयफोनची किंमत ५९९ डॉलरवरून ३९९वर आणली, विक्री सुरू होऊन जेमतेम दहा आठवडे झाले होते. आधीचे ग्राहक इतके भडकले की स्टीव्ह जॉब्सना खुलं पत्र लिहून त्यांना १०० डॉलरची स्टोअर क्रेडिट जाहीर करावी लागली. निन्टेंडोने २०११मध्ये थ्रीडीएस हे खेळयंत्र जपानात २५,००० येनवरून १५,००० येनवर आणलं, तेव्हा आधीच्या खरेदीदारांना २० जुने गेम फुकट दिले. या दोन्ही ठिकाणी कंपन्यांनी गिऱ्हाईक दुरावू नये म्हणून ते केलं. तुमच्या कंपनीला तुम्ही अशी विनंती जरूर करा, गेममधली नाणी किंवा पुढचा भाग फुकट मागा. पण ती विनंती आहे, हक्क नव्हे.

आता हक्काकडे येऊ.

ते खोडलेले १,४९९ पाहा. तुमच्या सांगण्यावरून हा गेम त्या भावाला एकाही दिवशी विकला गेलेला नाही. पहिल्या रात्री ८९९, नंतर ८९९, मग थेट ३९९. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७)मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलं आहे. वस्तू किंवा सेवा एरवी ज्या किमतीला विकली जाते, त्या किमतीबद्दल लोकांची मोठी दिशाभूल करणं ही त्यातलीच एक. १,४९९ ही नेहमीची किंमत नव्हतीच, तर ती खोडून ६०० रुपये वाचल्याचा जो भास तुम्हाला झाला तो उभा केलेला होता. हा मुद्दा तुमच्या अर्जाचा कणा करा.

दुसरं ते घड्याळ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात असे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत, आणि खोटी घाई हा त्यातला एक: माणसाने लगेच पैसे भरावेत म्हणून मुदतीचा किंवा तुटवड्याचा खोटा आभास निर्माण करणं. ७२ तासांनी भाव चढला असता तर ती साधी ऑफर होती. भाव हलला नाही आणि घड्याळ पुन्हा सुरू झालं, म्हणजे ते मुदत सांगत नव्हतं, तुम्हाला ढकलत होतं. ही तत्त्वं भारतात माल किंवा सेवा विकणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना, विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांना लागू आहेत, त्यामुळे 'आमचं ऑफिस परदेशात आहे' हे उत्तर चालत नाही.

'सर्वात कमी किंमत' या शब्दांवर मात्र फार विसंबू नका. कंपनी म्हणेल, त्या दिवसापर्यंतची सर्वात कमी. त्याचा अर्थ दोन्हीकडे ओढता येतो. घड्याळाचा अर्थ ओढता येत नाही.

पुरावा मात्र आजच गोळा करा, कारण स्टोअरचं पान केव्हाही बदलतं. तुमच्या मेलमध्ये खरेदीची पावती असेल. गूगल प्लेवरून घेतलं असेल तर ऑर्डर क्रमांक 'जीपीए' या अक्षरांनी सुरू होतो. त्यावर तारीख, वेळ, रक्कम असते. सोबत बँकेचा किंवा यूपीआयचा तपशील ठेवा. घड्याळाचे स्क्रीनशॉट तुमच्याकडे नसतील, तर ग्रुपमधल्या तिसांपैकी कुणाकडे तरी असतीलच. वेगवेगळ्या दिवशीचे दोन हवेत: एक ७२ तासांच्या आतला आणि एक ७२ तास उलटल्यानंतर पुन्हा चालू झालेल्या घड्याळाचा. एकट्या स्क्रीनशॉटने काही सिद्ध होत नाही, दोन शेजारी ठेवले की होतं. मूळ फोटो फोनमधून पुसू नका; व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याचा मूळ तपशील उडतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं, तर आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांत फार अडकत नाही, पण ते जोडलेलं बरं.

मग कंपनी आणि स्टोअर, दोघांच्याही तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकच पत्र पाठवा. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण अपेक्षित आहे. पत्रात भाव उतरल्याची तक्रार एका ओळीत उरका आणि खोडलेली किंमत व घड्याळ यांवर भर द्या. त्याच सुमारास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. माझ्या पाहण्यात छोट्या रकमेची बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण ८९९ रुपयांसाठी वकील उभा करणं कंपनीलाही परवडत नाही.

नाहीच मिटलं, तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथे ती दाखल करता येते, ही २०१९च्या कायद्याने केलेली मोठी सोय आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि व्हिडिओद्वारे सुनावणीही मागता येते. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. गेमच्या अटींत लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडेच न्यायचा अशी अट, असेल तर दचकू नका. अशा कलमामुळे ग्राहक आयोगाची दारं बंद होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. मागणीत फरकाचे ५०० रुपये किंवा पूर्ण परतावा, माफक नुकसानभरपाई आणि खर्च लिहा. पण त्यासोबत ही प्रथा बंद करण्याचा आदेशही मागा, आयोगाला तो अधिकार आहे. आकडा लाखांत नेऊ नका, अर्जाचं वजन कमी होतं.

तुम्ही तीस जण आहात, हे तुमचं खरं बळ. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५(१)(सी) प्रमाणे एकच हितसंबंध असलेल्या ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक जण आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. पण त्याआधी प्रत्येकाने घड्याळ चालू असताना घेतलं होतं का, ते तपासा. ज्यांनी ते थांबल्यावर घेतलं, त्यांना बाजूला ठेवा. शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे करता येते. त्यातून तुमच्या खिशात काही येणार नाही, पण पहिल्याच गुन्ह्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ८९९च्या दाव्यापेक्षा कंपनी याला जास्त घाबरेल.

पेमेंट उलटवण्याच्या भानगडीत पडू नका. व्यवहार तुम्हीच केला आहे, गेम मिळाला आहे, खेळलाही आहे. 'मी केलाच नाही' असं बँकेला सांगणं खोटं ठरेल, आणि स्टोअर तुमचं खातं गोठवू शकतं. मग त्या खात्यावरच्या बाकीच्या सगळ्या खरेद्याही अडकतील.

रिव्ह्यू आजच बदला. 'फ्रॉड कंपनी' हे मत नाही, आरोप आहे, आणि बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली गुन्हा आहे. एका रिव्ह्यूसाठी कुणी कोर्टात ओढेल असं मला वाटत नाही, पण त्यांना तेवढाही धागा कशाला द्यायचा? त्याऐवजी घडलं तसं लिहा: अमुक तारखेला १,४९९ खोडून ८९९ला घेतला, ७२ तासांचं घड्याळ संपून पुन्हा सुरू झालं, तिसऱ्या आठवड्यात ३९९ झाला. प्रत्येक शब्दाला पावती किंवा स्क्रीनशॉटचा आधार असू द्या. जुन्या रिव्ह्यूचा फोटो काढून ठेवा आणि मगच तो बदला. बदलल्याची तारीखही लिहून ठेवा.