तारीख नेमकी कशाची?

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत माणूस पहिल्यांदा कधी आणि कुठून पोचला, यावरचा तुझा लेख मिळाला, दोनदा वाचला. क्लोविस (विशिष्ट दगडी टोकं बनवणारे प्राचीन लोक), किनाऱ्याने आलेले लोक, सोल्युट्रियन (हिमयुगातले फ्रान्स-स्पेनमधले लोक), नॉर्स (व्हायकिंग), पॉलिनेशियन (प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे), चिनी आरमार अशा सहा पक्षांचा तू तक्ता केलास आणि प्रत्येकाला सारख्या पाच ओळी दिल्यास. मेहनत दिसते, पण तो तक्ता काढून टाक. निर्मनुष्य खंडात पहिलं पाऊल कुणाचं पडलं हा एक प्रश्न आहे. माणसं हजारो वर्षं नांदत असलेल्या खंडाच्या किनाऱ्याला बाहेरून कोण कधी लागलं, हा दुसरा. तुझ्या तक्त्यात हे दोन्ही एकाच रांगेत बसलेत, त्यामुळे वाचणाऱ्याला ती शर्यत वाटते.

शिवाय सगळ्या पक्षांना सारखी जागा देणं म्हणजे निःपक्षपात, असं तुला वाटत असावं. या विषयात ते चालत नाही. कुठलाही दावा समोर आला की मी दोन गोष्टी विचारतो: तारीख नेमकी कशाची काढली, आणि त्या वस्तूचा माणसाशी संबंध कशावरून? दुसऱ्या प्रश्नावर निम्मे दावे गळतात.

फॉल्सममध्ये हेच झालं. न्यू मेक्सिकोत १९०८ साली मोठा पूर आला आणि जॉर्ज मॅक्जंकिन या गुराख्याला ओढ्याच्या कापलेल्या काठात मोठाली हाडं दिसली. हा माणूस गुलामगिरीत जन्मलेला, औपचारिक शिक्षण नाही. पण ही हाडं आताच्या गव्यांची नाहीत हे त्याने ओळखलं. तो १९२२ मध्ये गेला, खोदकाम त्यानंतर सुरू झालं. दगडी भाल्याची टोकं मिळाली, तरी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाचे मानववंशशास्त्रज्ञ हर्डलिच्का मानायला तयार नव्हते. टोक मातीतून उपसून टेबलावर ठेवलं, तर ते हाडांच्याच थरातलं होतं कशावरून? त्यांनी सांगितलं, पुन्हा मिळालं तर जागचं हलवू नका, बाहेरच्यांना बोलवा. १९२७ मध्ये नामशेष गव्याच्या फासळ्यांमध्ये रुतलेलं टोक तसंच ठेवून तारा पाठवल्या गेल्या. तज्ज्ञ आले, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि वाद मिटला. हर्डलिच्कांना तू खलनायक केलंस. मला ते पटलं नाही. त्यांचा हट्ट नसता तर पुरावा इतका नेटका झाला नसता. मॅक्जंकिनचं नाव मात्र तुझ्या लेखात कुठेच नाही. ते घाल.

पुढे क्लोविसची टोकं मिळाली, सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची, आणि ‘क्लोविसच पहिले’ हे मत काही दशकं जवळजवळ शासकीय झालं. सायबेरियातून बेरिंजिया (सायबेरिया आणि अलास्का जोडणारी, आता समुद्राखाली गेलेली जमीन) ओलांडून, कॅनडातल्या दोन हिमचादरींमधल्या वाटेने माणसं खाली उतरली, असं ते चित्र. त्याला तडा गेला तो दक्षिण चिलीतल्या मोंते वेर्देने. पुरातत्त्वज्ञ टॉम डिलेहे यांनी १९७७ पासून तिथे खोदलं. दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या थराखाली (पीट) लाकूड, दोर, वनस्पती टिकून राहिल्या होत्या आणि वय निघालं सुमारे १४,५०० वर्षं. वीस वर्षं टीका झाली. १९९७ मध्ये शंकेखोर मंडळी जागेवर जाऊन आली, तेव्हा बहुतेकांनी मान्य केलं. नंतर तिथल्या चुलींच्या परिसरात समुद्री शेवाळाच्या नऊ जाती सापडल्या, म्हणजे या लोकांना किनारा चांगला ठाऊक होता. उलट २०१६ च्या एका अभ्यासाने दाखवलं की हिमचादरींमधल्या वाटेच्या अरुंद भागात झाडंझुडपं आणि जनावरं साधारण १२,६०० वर्षांपूर्वी आली. त्याआधी तिथून जायचं तर खायचं काय? किनाऱ्याने, होडीने माणसं आली असावीत हे म्हणणं यामुळे वजनदार झालं. त्याची अडचण तू बरोबर लिहिलीस: तेव्हाचा किनारा आज समुद्राखाली आहे.

आता न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स. इथे तू घाई केलीस. ‘२३,००० वर्षांपूर्वीचे पायाचे ठसे सापडले’ एवढं लिहून पुढे गेलीस. ठशाची तारीख निघत नाही. २०२१ मध्ये जी निघाली ती ठशांच्या वर-खालच्या थरांतल्या बियांची, आणि त्या बिया रुपिया या पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीच्या. टीकाकारांनी तिथेच बोट ठेवलं: पाण्यात चुनखडीतून विरघळलेला जुना कार्बन असेल तर वनस्पती तोच शोषते आणि बी असतं त्यापेक्षा शेकडो, प्रसंगी हजारो वर्षं म्हातारं दिसतं. शंका अगदी रास्त होती. मग त्याच गटाने त्याच थरांतले सूचिपर्णी झाडांचे परागकण वेगळे केले. ही झाडं कार्बन हवेतून घेतात, तळ्याच्या पाण्याशी त्यांचा संबंध नाही. हजारो सूक्ष्म कण वेचून एकेक नमुना तयार करायचा, केवढं चिकाटीचं काम! जोडीला क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला तेही प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने मोजलं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष आले आणि जुन्या तारखांशी जुळले. २०२५ मध्ये आणखी एका चमूने तळ्याच्या गाळाच्या तारखा काढल्या, त्याही जुळल्या. तरीही काहीजण विचारतात की इतकी माणसं वावरली तर दगडाचं एक हत्यारही का नाही. माझा कल ठशांच्या बाजूने आहे. माणसाशी संबंध सांगायला तिथे तज्ज्ञ लागत नाही. टाच आणि बोटं समोर दिसतात. हा भाग लेखात दुप्पट कर.

त्याच्या शेजारी सॅन दिएगोचा सेरुटी मॅस्टोडॉन (हत्तीसारखा नामशेष प्राणी) ठेवून बघ. १९९२ मध्ये रस्त्याच्या कामात हाडं निघाली, २०१७ मध्ये त्यांचं वय १,३०,००० वर्षं जाहीर झालं. वय खरं मानलं तरी हाडं माणसाने फोडली की रस्त्याच्या अवजड यंत्रांखाली फुटली, यावर गाडं अडतं.

सोल्युट्रियन पक्षाला पाच ओळी फार झाल्या. फ्रान्स-स्पेनमधली पाती क्लोविससारखी दिसतात, एवढाच आधार. मध्ये काही हजार वर्षांची पोकळी आणि अटलांटिक महासागर. मोंटानात क्लोविस हत्यारांसोबत पुरलेल्या बाळाचा जीनोम २०१४ मध्ये वाचला गेला, तो आजच्या मूलनिवासींच्या नात्यातला निघाला. वॉशिंग्टन राज्यातल्या केनेविकला मिळालेल्या प्राचीन सांगाड्याचंही तसंच. १९९६ मध्ये कवटीच्या आकारावरून तो युरोपीय धाटणीचा ठरवला गेला, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१५ मध्ये डीएनएने मूलनिवासींचाच दावा खरा ठरवला आणि २०१७ मध्ये त्या जमातींनी आपल्या पूर्वजाला पुन्हा दफन केलं. ‘पहिले कोण’ हा प्रश्न कुणाच्या जमिनीवर बसून विचारला जातो, हे लिहिताना विसरू नकोस.

नॉर्सांचं प्रकरण सुटलेलं आहे. न्यूफाउंडलंडच्या लान्स ओ मेडोजमध्ये धातूच्या हत्याराने तोडलेलं लाकूड आहे. ९९३ सालच्या सौर वादळाची खूण त्याच्या वलयात सापडली, तिथून सालीपर्यंत वलयं मोजली आणि साल निघालं १०२१. इतकी स्वच्छ तारीख क्वचित मिळते. पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकी लोकांची गाठ सुमारे १२०० साली पडली, हे २०२० च्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. पॉलिनेशियात जुन्या काळापासून असलेल्या रताळ्याचा पुरावा मात्र जपून वापर. माणसांशिवायही ते तिकडे पोचलं असावं असं म्हणणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. (आपल्या एकादशीला चालणारं रताळं मूळचं अमेरिकेतलं, हे वाचकाला जाता जाता सांगायला हरकत नाही.) पंधराव्या शतकातल्या चिनी दर्यासारंग झेंग हेच्या आरमाराने अमेरिका गाठल्याची गोष्ट एका वाक्यात संपव. ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेलं, तेवढं पुरेसं थोर आहे.

शेवटी तू विचारलंस की पाताळ म्हणजे अमेरिका, आणि कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या देवळात मूर्तींच्या हातात मक्याचं (म्हणजे अमेरिकेतल्या पिकाचं) कणीस आहे, हे घ्यावं का. पाताळ नको. सोमनाथपूर घे, कारण १९८९ मध्ये तो दावा खरोखर संशोधकांनी केला होता आणि त्याला उत्तरंही आली. देऊळ तेराव्या शतकातलं, त्याबद्दल वाद नाही. पण तारीख दगडी कोरीवकामाची आहे आणि हातातलं फळ मकाच आहे का, हे दगड सांगत नाही. पक्क्या थरातला मक्याचा दाणा काढून त्या दाण्याचीच कार्बन तारीख आली, तर मीही मान्य करीन.

पुढचा मसुदा पाठवताना प्रत्येक तारखेपुढे समासात लिही: बी, कोळसा, हाड, लाकूड की माती. छापताना ते काढून टाकू.