पांढऱ्या ओकखाली बसायचं तर आधी वर बघ

अमेरिकेतल्या मिसुरीत हरणांच्या शिकारीचा तुझा हा पहिलाच हंगाम, म्हणून सांगतो. हरणं ओकच्या झाडाखाली पडलेली फळं खायला येतात, म्हणून मचाण कुठे बांधायचं हे ऑगस्टमध्येच दुर्बिणीनं झाडावरची फळं बघून ठरव. पांढऱ्या ओकच्या पानाची टोकं गोलसर, लाल ओकची अणकुचीदार. पांढऱ्याची फळं एकाच वर्षात पिकतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गळतात. लालची पिकायला दोन वर्षं लागतात. टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) कमी असल्यानं पांढरी हरणांना गोड लागतात. दोन्ही चावून बघ (मी बघितलीत), लाल अगदी हिरड्यासारखी तुरट.

पण दरवर्षी बहर येईलच असं नाही. एप्रिलमध्ये मोहोरावर कडक थंडी पडली की त्या वर्षीचं पांढऱ्याचं पीक गेलंच समज. म्हणून गेल्या वर्षीच्या झाडावर विसंबू नकोस. शेजारशेजारच्या दोन झाडांतलं एक लगडलेलं, दुसरं रिकामं, असंही दिसतं.

झाडाखाली गुडघ्यावर बस. फुटकी टरफलं, फळांच्या देठाकडच्या रिकाम्या टोप्या, ताज्या लेंड्या दिसल्या तर जागा पक्की. बारीक भोक पडलेली फळं किडकी, ती मोजू नकोस. आणि उशीर करू नकोस: पांढरी फळं पडल्यावर लगेच रुजतात, थोड्याच आठवड्यांत सडा संपतो. मग लाल ओककडे सरक.