आइसलँडिकमधले ‘तू’ आणि ‘तुम्ही’

नोकरीनिमित्त आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला, आल्यावर वरिष्ठांशी, डॉक्टरांशी आणि घरमालकांशी बोलताना आइसलँडिकमधले आदरार्थी ‘तुम्ही’ कोणते वापरावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, ते वापरूच नये. येथे सर्वांना ‘थू’, म्हणजे ‘तू’, म्हणतात आणि केवळ नावाने हाक मारतात, अगदी राष्ट्राध्यक्षांनाही. यातला ‘थ’ मराठी ‘थ’ नव्हे. तो ‘थिंक’ या इंग्रजी शब्दातल्याप्रमाणे जीभ दातांमध्ये धरून उच्चारावा. वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना एकेरी संबोधताना सुरुवातीला माझी जीभ फार अडखळत असे, आणि आपलीही अडखळेल.

आदरार्थी सर्वनाम या भाषेत होते. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे आइसलँडिकच्या पूर्वज भाषेत, ‘तू’ या सर्वनामाची संस्कृतप्रमाणेच तीन वचने होती: एकासाठी ‘थू’, दोघांसाठी ‘थित’ आणि अनेकांसाठी ‘थ्येर’. संस्कृतचे द्विवचन मराठीपर्यंत पोहोचले नाही. आइसलँडिकमध्ये मात्र त्या द्विवचनातून आलेले ‘थिद’ हेच दोन किंवा अधिक माणसांसाठीचे नेहमीचे अनेकवचन झाले आणि मूळ अनेकवचन ‘थ्येर’ आदरापुरते उरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेही रोजच्या बोलण्यातून गेले. आज कोणी ते वापरले, तर ऐकणाऱ्याला आदरापेक्षा दुरावाच अधिक जाणवतो.

खरे कष्ट रूपे शिकताना पडतात. ‘थू’ची चार रूपे आहेत: कर्त्याचे ‘थू’, कर्माचे ‘थिग’, चतुर्थीचे ‘थ्येर’ आणि षष्ठीचे ‘थीन’. चतुर्थीचे रूप त्या जुन्या आदरार्थी सर्वनामासारखेच असल्याने नवशिक्याचा गोंधळ होतो, पण हे ‘थ्येर’ रोज लागते. ‘एर थ्येर काल्त?’ म्हणजे ‘तुला थंडी वाजते का?’; येथे मराठीची सवय थेट उपयोगी पडते, कारण आपणही ‘तुला’च म्हणतो. ‘तुला कॉफी हवी का?’ याला मात्र ‘लाउंगार थिग ई काफ्फी?’ असे कर्माचे रूप लागते, आणि मराठी माणूस तेथे हटकून चतुर्थी घालतो. ही चूक येथे जन्मलेलेही करतात आणि व्याकरणाचे आग्रही लोक तिला नावे ठेवतात, म्हणून असे प्रयोग क्रियापदासह पाठ करावेत.

कानाची तयारीही आधीपासून करावी, कारण प्रश्नात आणि आज्ञेत ‘थू’ क्रियापदाला चिकटून ओळखू न येण्याइतके बदलते: ‘विल्तु’ म्हणजे ‘तुला हवे का’, ‘कोम्दु’ म्हणजे ‘ये’.