वाचकांचे प्रश्न : जुन्या जीपला टर्बो इंजिन टाकायचंय, पैसे किती धरू?

प्रश्न : नमस्कार सर. माझ्याकडे 1994 ची महिंद्रा एमएम 540 आहे, वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. इंजिन ओरिजिनल प्यूजो डिझेल, पण आता धूर मारते, ऑइल खाते आणि यवतेश्वरच्या घाटात चार माणसं बसली की दुसऱ्या गिअरवरच जाते. मेकॅनिक म्हणतो बोलेरोचं जुनं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) टर्बो इंजिन 60 हजाराला मिळतंय, 15 हजार फिटिंग, 75 मध्ये गाडी तयार. मी 1 लाख बाजूला ठेवलेत. पुरतील ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दादा, पुरणार नाहीत, आणि हे आत्ताच सांगितलेलं बरं कारण अर्धवट पैशात सुरू केलेली जीप गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली वर्षभर पडून राहते, आणि तुमची तर वडिलांची गाडी आहे.

मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, इंजिन 60 ला मिळतही असेल, पण तो फक्त इंजिनची किंमत सांगतोय आणि ते इंजिन तुमच्या जीपमध्ये बसायला बाकीच्या गाडीत काय काय बदलावं लागतं ते सांगत नाहीये. माझा ठोकताळा असा की जेवढे पैसे इंजिनला तेवढेच पुन्हा बाकीच्या कामाला, आणि दोन्हीची बेरीज करून तिचा पाव भाग वेगळा ठेवायचा ज्याला काम पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे 60 अधिक 60, त्यावर 30, झाले दीड लाख.

आता हे दुसरे 60 जातात कुठं ते बघा. इंजिन माउंटिंग नवीन बनवावी लागतात, क्लचप्लेट प्रेशरप्लेट जुनी टाकायचीच नाही कारण नंतर बदलायला पुन्हा सगळं खाली उतरवायचं, रेडिएटर तुमचा 30 वर्षांचा, तो टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या इंजिनाची गरमी ओढणार नाही, मग होज पाइप, एअर फिल्टरचा पाइप, टर्बोपासून खाली नवीन सायलेन्सर, डिझेल लाइन, सेल्फ आणि अल्टरनेटरची वायरिंग. एक एक वस्तू किरकोळ वाटते पण बेरीज किरकोळ होत नाही. आणि अल्टरनेटर घेताना त्याच्या मागचा व्हॅक्यूम पंप आहे ना बघून घ्या, बूस्टरचे (पाय हलका ठेवला तरी जोरात लागणारे) ब्रेक लावायचे असतील तर तो लागतोच.

सगळ्यात मोठी गोष्ट गिअरबॉक्सची, इथं बरेच लोक फसतात. तुमचं प्यूजो 2112 सीसीचं, 62 हॉर्सपॉवरच्या आसपास. बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय टर्बो कागदावर 63 च्या आसपास, म्हणजे पॉवर जवळपास तेवढीच! फरक ओढीत आहे, तिथं 120 न्यूटन मीटरच्या जागी 180 मिळतात आणि तेही दीड हजार आरपीएमलाच, म्हणून घाटात गाडी एकदम वेगळी वाटते. पण प्यूजो 4 हजारांच्या वर फिरतं आणि हे डीआय 3200 ला संपतं. आता मागचा ॲक्सल तोच आणि 4 गिअरचा बॉक्स तोच ठेवला तर हायवेला जिथं आधी 80 ला जायची तिथं 60-65 लाच इंजिन ओरडायला लागणार. घाट सुधारला आणि हायवे गेला. म्हणून नुसतं इंजिन घेऊ नका, एकाच गाडीतला पूर्ण सेट घ्या, 5 गिअरचा बॉक्स, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचवरचं कव्हर), क्लच, सेल्फ, अल्टरनेटर, बारीकसारीक सामान सगळं. सेट महाग पडतो पण लेथवाल्याकडे वेगळं इंजिन आणि बॉक्स जोडणारी ॲडॉप्टर प्लेट बनवत बसण्यापेक्षा स्वस्तच. तुमची फोर बाय फोर असल्यामुळे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलला ताकद वाटून देणारा डबा) त्या बॉक्सला कशी जोडणार आणि प्रोपेलर शाफ्ट किती कापावे लागणार हे मेकॅनिककडून आधी वदवून घ्या, जमल्यास त्यानं आधी केलेली एखादी जीप स्वतः चालवून बघा. आणि ब्रेक. चारही ड्रम आहेत, गाडी आता जास्त जोरात पळणार, तर पुढं डिस्क लावायचे पैसे याच बजेटमध्ये धरा, पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

इंजिन बघायला जाल तेव्हा ते थंड असताना जा, विक्रेत्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा, बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधून खाली निसटलेला गॅस) फकफक मारत असेल तर पिस्टन रिंगा गेल्यात. कॉम्प्रेशन चेक करायला लावा, चारही सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. टर्बोचा पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवा, बाजूला अगदी किंचित हलला तर चालतं पण आत-बाहेर प्ले जाणवता कामा नये, आणि पंखा हाउसिंगला घासल्याच्या खुणा असतील तर तिथून निघाच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा नाहीतर जवळ कुठं घ्या, इंजिन नंबर स्पष्ट वाचता येत असेल आणि पक्कं बिल, ज्या गाडीतून काढलं तिचे कागद मिळत असतील तरच पैसे द्या. चोरीच्या गाडीचं निघालं तर तुमची जीप पोलीस स्टेशनच्या आवारात गंजत बसेल.

कागदाचं काम तर इंजिन घ्यायच्याही आधी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मनानं करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये हे आणखी ठामपणे सांगितलंय, आणि परवानगीशिवाय केलं तर एका बदलाला 5 हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद. म्हणून आधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, परवानगी घ्या, आणि काम झाल्यावर 14 दिवसांत कळवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा. तुमच्या गाडीचं दर पाच वर्षांनी रिन्यूअल असतं, तिथं इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघतोच. आरटीओ नाही म्हणाले तर तुमचे 60 हजार निदान खिशात तरी असतील.

आणि मनातलं सांगू का, एक लाखच असतील तर प्यूजोच बांधून घ्या. लायनर-पिस्टन, बेअरिंग, हेडचं काम, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, नवीन नोझल, सोबत रेडिएटर आणि क्लच. घाटात टर्बोसारखी उडणार नाही पण धूर जाईल, दुसऱ्याची तिसऱ्यावर येईल, आरसीला हात लावायचा नाही आणि वडिलांच्या वेळचा आवाजही तोच राहील. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

प्रश्न : जुनं टर्बो इंजिन बसवलं, आठ दिवसांत निळा धूर. मेकॅनिक म्हणतो टर्बो गेला, नवीन घ्या. बजेट संपलंय. काय करू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : टर्बो लगेच घेऊ नका. आधी टर्बोच्या खालचा ऑइल रिटर्न पाइप बघा. टर्बोतून ऑइल प्रेशरनं परत येत नाही, नुसतं उतारानं खाली येतं, त्यामुळे पाइप जाड पाहिजे, सरळ उतरता पाहिजे आणि इंजिनाखालच्या चेंबरमधल्या ऑइलच्या लेव्हलच्या वर जोडलेला पाहिजे. दुसऱ्या गाडीत बसवताना जागा नाही म्हणून पाइपला वळण देतात, ऑइल तुंबतं आणि सीलमधून इनटेकमध्ये नाहीतर सायलेन्सरमध्ये जातं. माझ्या जीपला हेच झालं होतं, एका गॅरेजनं दोन टर्बो बदलायला लावले, पैसे गेले, धूर तोच, शेवटी कोल्हापूरला उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं पाइपचं वळण काढून सरळ केला आणि संध्याकाळी मी धूर नसलेली गाडी घरी आणली. ब्रीदर (इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी नळी) चोंदलाय का तेही बघा, लक्षण सेम असतं. हे दोन्ही ठीक असूनही धूर येत असेल तर मग टर्बो उतरवा, आणि तेव्हाही शाफ्ट चांगला असेल तर आधी रिपेअर किटचं विचारा.